खोळीची दुसरी घडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. हात लावायचा तर बेताने लावा, कारण मी टोचते. मऊ असल्याचं सोंग मला कधी जमलं नाही आणि आता या वयात जमणारही नाही. माझ्या अंगावर तुम्हाला जागोजागी शिवणी दिसतील, मध्येच एक निळा तुकडाही दिसेल. घोंगडीला शिवण कशी आणि निळा रंग कुठला, असं विचाराल तर तीच माझी गोष्ट आहे. ती थोडी दुःखाची आहे, पण ऐका.

धारूरच्या किल्ल्यापलीकडे, बालाघाटाच्या उतारावर एक वाडी आहे. तिथल्या आश्रुबाची काळी मेंढरं त्या उतारावर चरत. त्यांच्या पाठीवरची लोकर म्हणजे मी. कातरणीच्या दिवशी माझ्यावर पहिल्यांदा कात्री चालली. ती काही दुखली नाही. आश्रुबाची बायको रतनबाई हिने ती लोकर पिंजली आणि टकळीवर तिचं सूत काढलं. बसून सूत काढायला तिला सवड कुठली? मेंढरांमागे चालता चालता, डोक्यावर पाटी आणि हातात फिरती टकळी, असं माझं सूत निघालं. म्हणून ते कुठे जाड आहे, कुठे बारीक. चढ लागला की तिचा हात अडायचा आणि सूत जाड व्हायचं. उतार लागला की ते सरसर बारीक निघायचं.

मग घोंगड्या विणणाऱ्या सनगराच्या मागावर मी विणले गेले आणि चिंचोक्याची खळ पिऊन ताठ झाले. घरी आल्यावर रतनबाईने आपल्या लुगड्याच्या काठातून लाल दोरा ओढला आणि माझ्या एका कोपऱ्यावर टाके घातले.

"हे आनि कशापायी?" आश्रुबाने विचारलं.

"समद्यांच्या घोंगड्या काळ्याच. आपली कंची ते कळाय नको का?" ती म्हणाली.

तेव्हापासून मी आश्रुबाच्या खांद्यावर. मी त्याला अरे-तुरेच करते, त्याचं काही वाईट वाटून घेऊ नका. इतकी वर्षं एखाद्याच्या खांद्यावर काढली की अहो-जाहो तोंडात येत नाही. उन्हात मी त्याची सावली झाले, पाहुणा आला की बैठक झाले, रानात व्यालेल्या मेंढीचं कोकरू घरी आणताना त्याची झोळी झाले. आणि पावसात मी खोळ झाले.

खोळ म्हणजे काय ते नीट सांगते, कारण पुढे सगळं तिथेच अडलं. पाऊस आला की मेंढपाळ घोंगडीचा एक कोपरा आत दुमडतो. ही पहिली घडी. मग दुसरी घडी घालतो, आणि घोंगडी टोपडं होऊन डोक्यावर बसते. मागे पाठ झाकते, पुढे हात मोकळे राहतात. त्याला सुई लागत नाही, दोरा लागत नाही, गुंडी लागत नाही. पहिली घडी कुणालाही बघून येते. दुसरी मात्र हाताच्या सवयीची आहे. एकदा उतारावर गारा कोसळल्या तेव्हा आश्रुबाने बोलता बोलता खोळ घातली, कुशीत कोकरू घेतलं आणि रतनबाईलाही आत ओढलं. "थेंब न्हाई आत," ती हसून म्हणाली होती. माझं एवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं.

पुढे आश्रुबाचे गुडघे धरले, नजर अधू झाली आणि मेंढरं विकावी लागली. रतनबाई एका पावसाळ्यात तापाने गेली. घरात सोलापुरी चादरी आल्या, पोराटोरांना प्लास्टिकचे रेनकोट आले. मला कुणी विचारेना. दिवसभर मी खुंटीवर लटकून असायची आणि माझ्या मनात नाही नाही ते यायचं. पण झोपायची वेळ झाली की आश्रुबा मला काढून घ्यायचा, अंगावर ओढायचा आणि माझ्या सुतावरून बोटं फिरवत पडायचा. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना चढ-उतार कळत होते. मला तेवढं पुष्कळ होतं.

आश्रुबाची थोरली नात शिवकन्या. ही पोर मोठी गुणाची, खोटं कशाला बोलू? धारूरला शिवणक्लास करून आली आणि घरातलं एक चिंधुक तिने वाया जाऊ दिलं नाही. आईच्या जुन्या साडीची बाजाराची पिशवी, बापाच्या विजारीची डब्याची पिशवी, मैत्रिणींना मोबाईलचे बटवे. शाळेचं गॅदरिंग जवळ आलं की अर्धी वाडी तिच्या मशीनभोवती गोळा व्हायची. कुणाला फुलपाखराचे पंख हवे असत, कुणाला मोराचा तुरा, कुणाला वाघाचं शेपूट. ती कुणाला नाही म्हणत नसे. कुणी पोर तिने शिवलेला मुकुट घालून पळालं की ती दारात उभी राहून बघत बसायची.

त्या वर्षी तिची धाकटी बहीण धनश्री तिसरीत होती. तिला गॅदरिंगच्या नाचात मेंढपाळ व्हायचं होतं. नेमकं त्याच सुमारास आश्रुबाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशननंतर थोडे दिवस तो बीडला आपल्या मुलीकडे, केसरबाईकडे राहणार होता. निघताना त्याने मला खांद्यावर टाकलं, तशी त्याला न्यायला आलेली केसरबाई म्हणाली, "दादा, ती नका घेऊ. डोळ्यात लोकर जाईल. डॉक्टरनं बजावलंय."

आश्रुबाने मला परत खुंटीला अडकवलं. "शिवे, हिच्याकडं बघ ग," एवढं म्हणाला आणि गेला. त्याला सोडून मी पहिल्यांदाच घरी राहिले.

शिवकन्याने माझ्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं. मला कसर लागली होती, दोन-तीन जागी भोकं पडली होती. आबांनी घोंगडी सोबत नेली नाही, म्हणजे आता त्यांना ती लागत नाही, असं तिला वाटलं. कसरीने पार खाण्याआधी हिचं काहीतरी करावं, असंही वाटलं. आजीच्या हातचं सूत आहे. त्याच्या पिशव्या केल्या तर घरात प्रत्येकाकडे आजीची आठवण राहील, आणि धनूला खोळही होईल. विचार मायेचा होता. त्यात खोट नव्हती.

तिने मला जमिनीवर अंथरलं, खडूने रेघा आखल्या. कात्री हातात घेतली आणि मग थांबली. "आजे, राग धरू नको," ती हळूच म्हणाली, "तुला समद्यांत वाटून द्यायलेय." तिचे डोळे भरले होते. मित्रांनो, ही कात्री मात्र दुखली. पण माझ्या अंगात रतनबाईचं सूत होतं. तिच्या नातीवर मी कशी रागावणार?

माझ्या पिशव्या झाल्या. एक आईला, एक केसरआत्याला, एक तिची मैत्रीण ऋतुजा हिला, आणि एक लहानशी आबांना, चष्मा आणि गोळ्या ठेवायला. लाल बंद, कडेने आरसे, सगळं हौसेने लावलेलं. लाल दोऱ्याचा कोपरा तिने धनश्रीसाठी ठेवला. त्याला मशीनवर गोल शिवून टोपडं केलं आणि दोरा बरोबर कपाळावर येईल असा बसवला. आम्ही एकाची अनेक झालो. पुढचं जे सांगते ते ज्या तुकड्याने जे पाहिलं ते आहे, कारण नंतर आम्ही पुन्हा एकत्र आलो.

आश्रुबा केसरबाईबरोबर मांजरसुंब्याला गाडी बदलून घरी आला. डोळ्यांवर काळा चष्मा होता. चहा घेण्याआधी त्याचा हात खुंटीकडे गेला.

"शिवे, माझी घोंगडी उन्हात घातलीस का ग?"

शिवकन्या हसत पुढे आली आणि तिने ती लहान पिशवी त्याच्या हातात ठेवली. त्याने ती चाचपली. बोटं सुतावरून फिरली आणि एकाएकी थांबली.

"ही कुठली?"

"आपल्या घोंगडीची, आबा. आजीची आठवन समद्यांकडं ऱ्हावी म्हनून. आत्यालाबी केलीय."

त्याने पिशवीच्या चारी कडा चाचपल्या.

"लाल दोऱ्याचा कोपरा कुठं हाय?"

"त्याची धनूला खोळ शिवली."

"शिवली?"

"हां, मशीनवर."

"चांगलं केलंस," आश्रुबा म्हणाला. "शिलाई लई नीट हाय तुजी." आणि ज्या खुंटीवर मी असायची त्याच खुंटीवर त्याने ती पिशवी अडकवली.

संध्याकाळी चुलीजवळ बसून तो केसरबाईला म्हणाला, "रतनच्या हातचं तेवढंच ऱ्हायलं होतं, केसर. हात फिरवला की समजायचं, हितं घाट चढत होती, हितं उतरत होती." मग म्हणाला, "पोरीला सांगू नको. तिनं मायेनं केलंय."

पण पोर दाराआडच उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं.

गॅदरिंगला आश्रुबा गेला. नव्या डोळ्याने त्याने धनश्रीला मांडवात नाचताना पाहिलं. टाळ्या पडल्या, बाईंनी माईकवरून शिवलेल्या खोळीचं कौतुक केलं. नाच संपल्यावर धनश्री पळत त्याच्याकडे आली. त्याने तिच्या डोक्यावरचा माझा कोपरा हातात घेतला. लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"खोळ शिवत नसतेत, बाय," तो म्हणाला. "घालतेत."

त्याने खांद्यावरची चादर काढली. एक घडी, दुसरी घडी, आणि धनश्रीच्या डोक्यावर खोळ बसलीसुद्धा. पापणी लवेपर्यंत झालं सगळं. धनश्री खिदळली. शिवकन्याचा चेहरा मात्र पांढरा पडला. घोंगडी न कापताही हे होत होतं, हे तिला तेव्हा कळलं.

"आबा, मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू कवा इचारलंस, माय?" तो मऊपणाने म्हणाला. मग आपणच मान हलवली. "मी तरी कवा दावलं. मेंढरं इकली, म्हनलं, आता कुनाला लागतंय."

दुसऱ्या दिवसापासून शिवकन्याने पिशव्या गोळा करायला सुरुवात केली. हौसेने दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. आबांची पिशवी आणि धनूची खोळ घरातच होती, आईने आपली दिली, केसरबाईने बीडहून पाठवली. ऋतुजाची मात्र बसमध्ये विसरली होती आणि मिळाली नाही. तो तुकडा माझ्या पोटाचा होता. आज तो कुठे आहे, मला माहीत नाही. कुणाची तरी मिरच्यांची पिशवी झाला असेल. ओला होऊन कुठे पडला नसला म्हणजे मिळवली.

शिवकन्याने आरसे काढले, बंद काढले, शिवणी उसवल्या. कडा सुटत होत्या. त्या आत दाबून तिने मला पुन्हा जोडलं आणि पोटाच्या जागी आपल्या शाळेच्या निळ्या ओढणीचा तुकडा लावला. मग मला आश्रुबाच्या मांडीवर ठेवलं आणि खाली मान घालून उभी राहिली.

आश्रुबाने मला उलगडलं. पहिली घडी घातली. दुसरी घातली, पण शिवण मध्ये आली आणि ताठ उभी राहिली. खोळ डोक्यावरून घसरून त्याच्या डोळ्यांवर आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तसंच झालं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पांघराय येती की. नवी घोंगडी आनली की तुला नीट दावीन, हळूहळू."

तेव्हाच चादर पुढे करून "हिच्यावर दाखवा" म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती बोलली नाही. आपल्या हातून जे मोडलं तेच कुठल्या तोंडाने मागायचं, असं तिला वाटलं. रोज वाटत राहिलं. आश्रुबाही नव्या घोंगडीची वाट बघत राहिला. ती कुणी आणली नाही.

उन्हाळा लागण्याआधीच आश्रुबा गेला. पहाटे झोपेतच गेला. अंगावर मी होते. पण कडा दाबून शिवल्याने मी आखूड झाले होते, त्याचे पाय बाहेर उघडे राहिले होते. शिवकन्या आत आली आणि आधी तिने ते पाय आपल्या ओढणीने झाकले. मग रडली.

आता मी खुंटीवर असते. शिवकन्या अजूनही पिशव्या शिवते, पंख शिवते, मुकुट शिवते. पण कुणी जुनं कापड घेऊन आलं की ती आधी विचारते, "हे कुनाचं हाय? त्यांना इचारलंत का?" हे वाक्य तिला फार महाग पडलं आहे.

परवा धनश्रीने हट्ट धरला, "ताई, आबासारखी खोळ घाल ना." शिवकन्याने मला खाली काढलं. कोपरा आत दुमडला. पहिली घडी अगदी बरोबर आली. मग तिचे हात हवेत थांबले.

"मग ग, ताई?"

"मग आबांनी असं... न्हाई, असं काहीतरी केलं होतं," ती म्हणाली, आणि मला उलटसुलट करत बसली. शेवटी तिने मला तशीच धनश्रीच्या डोक्यावर टाकली. मी घसरले. तिने पुन्हा टाकली, मी पुन्हा घसरले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू सांभाळा, त्यांना कात्री लावण्याआधी ज्यांच्या आहेत त्यांना विचारा. आणि ती वस्तू कशी वापरायची तेही विचारून घ्या. लाज वाटली तरी विचारा, चूक तुमची असली तरी विचारा. मला दोन्ही घड्या पाठ आहेत. पण घोंगडीला आपली घडी आपण घालता येत नाही. त्याला माणसाचे हात लागतात, आणि ते हात आता नाहीत.