सहावा टेक

कोल्ड रूमच्या दारावरचा आकडा उणे वीस दाखवत होता आणि दाराच्या अलीकडे ऋत्विक घामाने निथळत होता. अंगात दोन स्वेटर, त्यावर गोधडी कापून शिवलेला कोट, डोक्याला लोकरीची पट्टी. जुलैतल्या रविवारी रत्नागिरीच्या एमआयडीसीत असा पोशाख करून उभा राहणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा नट.

“गौऱ्या, आत घे लवकर. दक्षिण ध्रुवावर पोचायच्या आधीच मी उकडून मरतोय.”

“तोंड बंद ठेव. दाढीचा डिंक सुटतोय,” गौरव म्हणाला.

शमिकाने टॉवेल आणून ऋत्विकचे हात बोटाबोटांमधून कोरडे केले. ओली कातडी लवकर गोठते, हे तिने वाचलं होतं. तिने बरंच वाचलं होतं. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, याच मासे गोठवणाऱ्या फॅक्टरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेली ही मुलगी कॉलेजात असल्यापासून ध्रुवांवर गेलेल्या माणसांच्या हकिगती वाचायची. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवावर पोचून परतताना काही माणसं तंबूतच गोठून मेली आणि त्यांचा म्होरक्या हात चालेनासा होईपर्यंत पत्रं लिहीत राहिला, ही गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. तिने त्यावरून पंधरा मिनिटांच्या फिल्मची संहिता लिहिली. लग्नांचं शूटिंग करून कंटाळलेल्या गौरवने ती उचलली. पुण्याच्या लघुपट स्पर्धेत पाठवायची असं ठरलं. ऋत्विक त्या दोघांचा शाळेपासूनचा मित्र. बसलेले गाल आणि मोठे डोळे, त्यामुळे उपाशी माणूस म्हणून तोच शोभणार होता. एरवी तो पखवाज वाजवायचा. दोन बुवांचा सामना रंगायचा त्या डबलबारी भजनाला त्याचा हात पखवाजावर पडला की समोरचा बुवा गाणं विसरून त्याच्याकडे बघायचा. यंदाच्या गणपतीत त्याच्या बावीस बाऱ्या ठरल्या होत्या.

मासेमारी बंदीच्या दिवसांत कोल्ड रूम अर्धी रिकामी असते. सुपरवायझरने एक रविवार दिला. खोक्यांची चळत लावणाऱ्या सखारामने पाइपांवरचा हिमाचा थर खरवडून तंबूभोवती ढीग करून दिला.

“खोटा बर्फ लागलाच नाय बघा तुम्हांला,” तो म्हणाला. मग शमिकाच्या हातातला कागद बघून विचारलं, “ह्यो काय हिशेब?”

“किती वेळ आत राहायचं त्याचा, सखारामकाका. ब्लोअरच्या वाऱ्याचा वेग मोजला मी. धोका अर्ध्या तासाच्या पुढे आहे. तरी दहाच मिनिटं ठेवलीत.”

“आमी घड्याळ नाय बघत, बाय. बोटांत मुंग्या आल्या की भायेर. मुंग्या जायची वाट नाय बघायची.”

त्याच्या श्वासाची वाफ कॅमेऱ्यात येत होती, म्हणून गौरवने त्याला चहाला पाठवलं.

दृश्य एकच होतं. म्होरक्या डाव्या हाताने वही धरतो, उजवा हातमोजा दातांनी ओढून काढतो आणि उघड्या हाताने शेवटचं पत्र लिहितो. पेन्सिल पितळेच्या नळीत बसवलेली होती, गौरवच्या आजोबांची. पितळ उजेडात छान चमकतं म्हणून त्याने मुद्दाम आणली होती.

पहिल्या टेकला लेन्सवर धुकं आलं. दुसऱ्याला दाढी सुटली. तिसऱ्याला गौरव म्हणाला, “तू पत्र लिहितोयस रे, वाणसामानाची यादी नाय. हात जड दिसू दे.” प्रत्येक टेक आठ मिनिटांचा. प्रत्येक टेकनंतर शमिका ऋत्विकला दोन दारांमधल्या छोट्या खोलीत आणायची, तीन मिनिटं उभं करायची, कागदावर वेळ लिहायची आणि स्टॉपवॉच शून्यावर आणायची. त्या खोलीतही थंडी होतीच, फक्त पाण्याचा बर्फ होणार नाही एवढी.

तिसऱ्या टेकनंतर ऋत्विक हात काखेत घालून नाचत होता. “आयला, टाचण्या टोचतायत!”

चौथ्यानंतर तो शांत उभा राहिला. “आता बरंय. दुखायचं थांबलं.”

शमिकाने त्याचा हात बघितला. तर्जनी आणि मधलं बोट टोकाला मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती. तिने कागद बघितला. सात मिनिटं पन्नास सेकंद. मर्यादेच्या आत.

“चल, चल,” गौरव दारातून ओरडला. “आता हात कसला दिसतोय! मेकअपवाला पण असं करू शकला नसता.”

पाचवा टेक झाला. सहाव्यात ऋत्विकच्या बोटांतून पेन्सिल निसटली आणि त्याला ते कळलंच नाही. तो रिकाम्या बोटांनी आणखी दोन ओळी लिहीत राहिला. गौरवचा श्वास अडकला. शमिकाचाही. मग गौरव हळूच म्हणाला, “कट,” आणि टाळ्या वाजवायला लागला.

बाहेर आल्यावर गौरवने लेन्स सुकवायचा हेअर ड्रायर ऋत्विकच्या हातावर धरला. शमिकाने तो हिसकावून घेतला, कोमट पाणी मागवलं, चोळू दिलं नाही. तिथून पुढचं सगळं तिने बरोबर केलं.

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी भाजलेले आणि साप चावलेले हात शेकड्यांनी पाहिले होते. थंडीने गेलेला हात त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता. फोड आले, फुटले. मग दोन्ही बोटांची टोकं काळी पडून सुकायला लागली. सर्जन म्हणाले, घाई करायची नाही. कुठवर जिवंत आहे ते शरीर स्वतःच दाखवेल, मग त्या रेषेवर कापू. पंधरा ऑगस्टनंतर. ती रेषा पहिल्या पेराच्या खाली सरकू नये, एवढंच आता मागायचं होतं. पेर राहिलं तर पखवाजावर थोडा तरी बोल निघेल, असं ऋत्विक म्हणायचा. दर चार दिवसांनी ती रेषा थोडी खाली सरकलेली असायची.

सगळे गौरवला दोष देत होते. कोणी पितळेला, कोणी ब्लोअरला. शमिकाने काळजी घेतली होती, असंच सगळे म्हणत. ऋत्विकची आई यमुनाबाई तर शेजारणींना सांगायची, “ती पोर होती म्हणून हात तरी राहिला.”

चौथ्या आठवड्यात शमिका तो कागद घेऊन त्याच्या घरी गेली. यमुनाबाई मुलाला डाव्या हाताने जेवायला शिकवण्याचा नाद सोडून स्वतःच भरवत होत्या.

“ये गो,” त्या म्हणाल्या. “बघ, बावीस वर्षांचा घोडा नि मी घास देतेय.”

“आई, तेवीस,” ऋत्विक म्हणाला.

त्या ताट घेऊन आत गेल्यावर शमिकाने कागद पलंगावर ठेवला. सहा टेकांचे सहा आकडे.

“मी दर वेळी शून्यापासून मोजत होते. तुझा हात मधल्या तीन मिनिटांत गरम होतच नव्हता. बेरीज करायला हवी होती. सत्तेचाळीस मिनिटं होतात. आणि पितळ ऊब खेचतं, ते मी धरलंच नव्हतं हिशेबात.”

ऋत्विकने कागदाकडे नीट बघितलं नाही. “चूक होते गो.”

“तेवढीच नाही.” तिने चौथ्या आकड्यावर बोट ठेवलं. “चौथ्यानंतर तू म्हणालास, दुखायचं थांबलं. त्याचा अर्थ मला माहीत होता. मी तो शंभर वेळा वाचलाय. बोटं पांढरी दिसली तेव्हा मला कळलं होतं.”

“मग थांबवलं का नाहीस?”

“शॉट चांगला होत होता.”

आत नळ चालू होता. तो बंद झाला. मग ऋत्विकने पट्टीतला हात मांडीवरून उचलून उशीवर ठेवला, दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा.

“भजन मंडळाने राजापूरचा पोरगा घेतला माझ्या जागी. काल सांगून गेले. चांगला वाजवतो.” त्याने डाव्या हाताने कागद तिच्याकडे सरकवला. “फिल्म पाठवणार तुम्ही?”

“गौरव एडिट करतोय. एकतीस ऑगस्ट शेवटची तारीख.”

“सहावा टेक लावलाय?”

“हो.”

“तो काढ. त्यात माझा हात मेलेला आहे. मेलेला हात बघून लोकांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत. पहिला लाव. पहिल्यात तो माझा होता.”

“सांगते.”

“आणि तू उद्यापासून येऊ नकोस, शमे. आईला मी काही बोलणार नाही. तुला बघितलं की ते स्टॉपवॉच दिसेल मला.”

तिने कागद उचलला. यमुनाबाई दारात कप घेऊन उभ्या होत्या. “चहा टाकलाय, पिऊन जा.” ती उभ्याउभ्याच प्यायली. तोंड भाजलं.

रस्त्यावर येऊन तिने गौरवला फोन लावला आणि निरोप सांगितला.

“पहिला?” गौरव म्हणाला. “त्यात धुकं आहे गो नुसतं. कोण बसलंय तेही दिसत नाय. पहिल्याच फेरीत उडू आपण.”

“उडू.”

“मग पाठवायचीच कशाला? मग त्याने हात घालवला तो फुकटच?”

शमिकाने हातातला कागद दुमडला.

“सॉरी,” गौरव म्हणाला. “पण सहाव्यासारखं पुन्हा मिळणार नाय. तू त्याला समजाव ना.”

“मला येऊ नको म्हणालाय तो. तू गेलेला नाहीस अजून एकदाही. तुला काय पाहिजे ते तूच जाऊन त्याला सांग. उद्या ड्रेसिंग सकाळी दहाला आहे, पट्टी सोडतील तेव्हा जा.”

तिने फोन बंद केला आणि फॅक्टरीकडे जाणाऱ्या रिक्षेला हात केला.