रिकामं भांडं

कांग साहेबांना वरचा मजला देण्यात अंजनाबाईंचा फायदा भाड्यापेक्षा मोठा होता, पण तो त्यांनी नवऱ्यालाही सांगितला नव्हता. मुलगा नवनाथ जर्मनीत. फोनवर काहीही विचारा, "जेवलो" एवढंच. काय जेवला, कुणी वाढलं, सगळं गुलदस्त्यात. तेव्हा बाईंनी मनाशी सौदा केला: आपण इथल्या परक्याला घालायचं, म्हणजे तिथलं कुणीतरी आपल्या पोराला घालील. समोरच्या पार्टीला याचा पत्ता नव्हता, पण बाईंना ती अडचण वाटली नाही.

नवऱ्याचा, म्हणजे ज्ञानदेवरावांचा, हिशेब वेगळा. कोरियाचा इंजिनियर म्हणजे बौद्ध, आपल्यातलाच. बुद्धवंदनेला एक माणूस वाढला. कांग साहेब खालच्या खोलीतल्या बुद्धमूर्तीपुढं वाकलेही. पहिल्या रविवारी मात्र ते बायबल काखेत मारून चर्चला निघाले आणि ज्ञानदेवरावांचा हिशेब जिन्यातच कोसळला.

बाईंनी पिठलं-भाकरीचा डबा वर धाडला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, आत कागदात गुंडाळलेली दोन नासपती. बाई चपापल्या. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, हे कोरेगावात पोरासोरांना कळतं. याला कुणी सांगितलं?

"तुम्ही शिकवलं व्हय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मी कशाला? माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतंय."

शेवटी बाईंनी साहेबांनाच जिन्यात गाठलं. कंपनीत वेचलेल्या मराठीत ते म्हणाले, "मावशी, रिकामा डबा दिला, तर आई मारते."

"म्हंजी तिकडंबी मार हाय म्हणा."

मग थांबायचं कुणी? बाईंनी शेंगदाण्याची चटणी धाडली, वरून आंबट-तिखट लाल कोबी आला. बाईंना आंबट सोसेना, टाकायला मन होईना. तो गेला ज्ञानदेवरावांच्या ताटात.

त्या रविवारी फोनवर बाईंनी सरळच विचारलं, "तुला तिथं कोण काय देतं का रे खायला?"

नवनाथ म्हणाला, "खाली एक तुर्की आजी राहते. सूप द्यायची."

"द्यायची म्हंजी?"

"दोनदा दिलं. मग बंद."

"भांडं कसं दिलंस परत?"

"घासून. चकचकीत."

"आन् आत काय घातलंस?"

"आई, परदेशात असलं काय नसतं."

"आमच्या माडीवरचा माणूस परदेशातच ऱ्हातोय. त्याला बरं कळतं."

पुढच्या रविवारी नवनाथनं शिरा केला, थोडा करपलेला, आणि स्टीलच्या डब्यातून खाली नेऊन दिला. आजीनं डबा घेतला, काहीतरी पुटपुटली आणि दार लावलं.

"लावलं म्हंजी? हळू का जोरात?" बाईंनी फोनवर विचारलं. दोन दिवस त्यांच्या हातून भाजीत मीठ जास्त पडत होतं.

तिसऱ्या दिवशी पोराचाच फोन आला. डबा परत आला होता, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्यांनी गच्च भरून. आजीनं त्याला दारातच एक खायला लावली होती.

"कशी लागली?"

आयुष्यात पहिल्यांदा पोरगं जेवणावर भरभरून बोललं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "आता डब्यात काय घालतोस, त्ये बघ."

सौदा फायद्यात गेला. नवनाथला भात मिळाला, आजीला शिरा, साहेबांना चटणी, बाईंना पोराच्या जेवणाची खबर. भरणा केला तो ज्ञानदेवरावांनी. त्या रात्री त्यांच्या ताटात पुन्हा लाल कोबी होता. त्यांनी तो ताटाच्या कडेला सारला.

"खावा," बाई म्हणाल्या. "पोराचं जेवण त्यावर चालू हाय."