मुलीच्या बापाचा गळ

शैलेंद्रला मासे पकडायचे नव्हते. मासा गळाला तोंड लावतोय हे त्याला सगळ्यांच्या आधी, शक्य असेल तर माशाच्याही आधी, कळायला हवं होतं. अमेरिकेतल्या डब्लिनच्या दुकानातल्या विक्रेत्याला हे समजावताना त्याच्या नाकी नऊ आले. विक्रेत्याचा हिशोब सरळ होता. गोठलेल्या तळ्यात बर्फाखालचे मासे थंडीने सुस्तावलेले असतात, आमिषाला नुसते ओठ लावतात, म्हणून हलकासा स्पर्शही दाखवेल असा नाजूक रॉड घ्यायचा, आणि स्पर्श दिसला की झटका देऊन मासा वर काढायचा. शैलेंद्र म्हणाला, झटका सोडून बाकी सगळं हवंय. विक्रेत्याने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

त्या बिचाऱ्याला कोण सांगणार की समोर मुलीचा बाप उभा आहे.

प्रीता इथेच जन्मलेली, मिशिगनमध्ये फिजिओथेरपिस्ट. तिचं जूनमध्ये एरिकशी लग्न ठरलं होतं. एरिकचे आईवडील, लिंडा आणि डेल, मिशिगनच्या पार उत्तरेला एका तळ्याकाठी राहत. डेल आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ उपसण्याच्या सरकारी नोकरीत होता, आता निवृत्त झाला होता आणि मोकळ्या वेळात बर्फावर बसून असायचा. साखरपुड्याला तो शैलेंद्रशी एकूण चार वाक्यं बोलला, त्यांतली दोन पार्किंगबद्दल होती. त्याच डेलने जानेवारीत एरिककरवी निरोप पाठवला, की बर्फ चांगला धरलाय, एका शनिवारी मासेमारीला या. एरिक म्हणाला, माझे बाबा त्यांच्या बर्फावरच्या खोपटात सहसा कुणाला बोलावत नाहीत.

आता व्याह्याने बोलावलं आहे म्हटल्यावर जाणं आलं. आणि गेल्यावर हरणं आलं. यात शैलेंद्रच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्याच्या बहिणीच्या, शैलजाच्या लग्नाच्या बोलणीला त्याचे वडील पुरुषोत्तम मुलाकडच्यांच्या घरी गेले होते. व्याह्यांनी बुद्धिबळाचा पट मांडला. वडील तेव्हा साताऱ्यातले नावाजलेले खेळाडू. त्यांनी हसत हसत वजीर घालवला, डाव घालवला आणि वर व्याह्यांच्या खेळाची तारीफ केली. सगळ्या नातेवाइकांत वाहवा झाली, याला म्हणतात संस्कार. शैलेंद्र दारात उभा राहून बघत होता. वडिलांचा हात वजिरावर जरा जास्त वेळ रेंगाळला, तेवढं त्याच्या लक्षात राहिलं.

तेव्हापासून त्याचा नियम ठरला. परक्याशी हरायचं. डब्लिनच्या घरात कॅरम होता आणि शैलेंद्र कॅरममध्ये भयंकर तरबेज होता, पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो राणी अलगद काढून द्यायचा. प्रीताला मात्र त्याने कधी एक सोंगटी सोडली नाही. सात वर्षांची असताना ती बोर्डावर डोकं टेकून रडली होती, तेव्हा तो म्हणाला होता, रडून राणी मिळत नाही. त्याची बायको सुलेखा त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. पुढे प्रीता कॉलेजला गेली आणि परत कधी कॅरमला बसली नाही. हे अधूनमधून त्याला टोचायचं. विषय कुणी काढला नाही, त्यानेही काढला नाही.

तर प्रश्न होता गळाचा. शैलेंद्रची सगळी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलेली. त्याने अभ्यास केला. जाड दोरी आणि मोठं तरंगतं बूच लावलं, तर हलका स्पर्श दिसतच नाही. मासा निवांतपणे आमिष गिळतो, आपोआप अडकतो, आणि मग त्याला वर काढण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. असा एक मासा व्याह्याच्या माशापेक्षा मोठा निघाला तर काय घ्या. तेव्हा जितका गळ नाजूक तितकं हरणं सुरक्षित. शेवटी त्याने केसासारखी बारीक दोरी घेतली, तांदळाच्या दाण्याएवढा टंगस्टनचा गळ घेतला, आणि रॉडच्या टोकाला लावायची एक पातळ स्प्रिंग घेतली. गळाच्या वजनाने ती जेमतेम वाकायची. माशाने आमिष खाली ओढलं तर ती आणखी वाकणार, आणि आमिष तोंडात धरून मासा वर आला तर सरळ होणार. हे वर येणं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. शैलेंद्रच्या नजरेतून सुटणार नव्हतं.

चाचणी बाथटबमध्ये झाली. शैलेंद्र कमोडच्या झाकणावर बसून स्प्रिंगकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता आणि सुलेखा पाण्यात हात घालून दोरीला बोट लावत होती. बोट लागलं की तो म्हणायचा, आला. थोड्या वेळाने सुलेखा उठून भाजी परतायला गेली. शैलेंद्र आणखी बराच वेळ आला, आला म्हणत होता. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्याने स्प्रिंग थोडी आखूड केली.

सुलेखा मूळची मालवणची. तिला या सगळ्यातलं एकच कळत होतं.

"म्हणजे एवढं ड्राइव्ह करून जायचं आणि मासे पाण्यात ठेवून यायचं," ती म्हणाली. "मी मसाला घेतलाय बरोबर. काय ते बघ."

शनिवारी सकाळी लिंडाने दोघांना कॉफी दिली, सुलेखाला घरात ठेवून घेतलं, आणि डेल शैलेंद्रला घेऊन तळ्यावर निघाला. तळं कुठे सुरू होतं ते कळायला मार्ग नव्हता, सगळं पांढरंच होतं. खोपटात एक छोटा हीटर, बसायला दोन उलट्या बादल्या, माशांसाठी एक सुलटी आणि जमिनीत, म्हणजे बर्फात, दोन भोकं. डेलने शैलेंद्रच्या रॉडचं टोक निरखून पाहिलं.

"चांगली निवड आहे," तो म्हणाला. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, ही व्याह्यांच्या दृष्टीने फार मोठी गैरसोय आहे. पण सूर तुम्हीचा होता, असं शैलेंद्रने धरून चाललं.

दोघे बसले. थोड्याच वेळात शैलेंद्रची स्प्रिंग हलली. त्याने अगदी सावकाश दोरी वर घेतली, माशाच्या तोंडातून आमिष सोडवून घेतलं आणि पुन्हा खाली सोडलं. डेलने एक ब्लूगिल, तळहाताएवढा चपटा मासा, काढला. शैलेंद्र म्हणाला, वा. पुन्हा स्प्रिंग सरळ झाली, पुन्हा त्याने आमिष सोडवलं. सामान अप्रतिम होतं. मासा जवळ येऊन नुसता विचार करत असला तरी कळत होतं. डेलने आणखी एक काढला, मग आणखी एक. शैलेंद्र प्रत्येकाची तारीफ करत होता, आकाराची, रंगाची, एकदा तर माशाच्या चेहऱ्याची. आपण वडिलांच्या तोडीचं हरतोय असं त्याला मनोमन वाटत होतं.

पण डेल गप्प गप्प होत चालला होता. मुळात तो गप्पच होता, तरी त्या गप्पपणातही फरक पडला होता. त्याची नजर स्वतःच्या भोकावरून उठून शैलेंद्रच्या स्प्रिंगवर जायची आणि तिथेच थांबायची. बादली त्याच्या माशांनी निम्मी भरली होती आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. दुपार व्हायच्या आत त्याने दोरी गुंडाळायला घेतली.

"बास करू," डेल म्हणाला. "जाऊ घरी."

काहीतरी बिनसलं होतं. जूनमध्ये लग्न, हॉल बुक झालेला, आणि हा माणूस घरी जाऊन बायकोला काय सांगणार होता कोण जाणे. आपल्या हातून प्रीताच्या सासरी पहिल्याच खेपेला माती खाल्ली गेली, एवढं शैलेंद्रला कळलं. कशी, ते कळेना.

डेल उठला नाही. हीटरकडे बघत म्हणाला, "तुमची ती स्प्रिंग मला इथून दिसते. मासा येतो ते तुम्हालाही दिसतं. आणि तुम्ही तो सोडून देता. दर वेळी. आमचं काही चुकलं का?"

मग शैलेंद्रला सांगावं लागलं. साताऱ्याचा डाव, वजीर, मुलीच्या बापाने व्याह्यापुढे जिंकायचं नसतं ही रीत, सगळं. इंग्रजीत सांगताना ते जितकं शहाणपणाचं वाटायला हवं होतं तितकं वाटत नव्हतं. डेलने पूर्ण ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"प्रीताने मला वेगळं सांगितलं होतं," तो म्हणाला. "थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी तिला विचारलं, तुझ्या बाबांशी मैत्री कशी करायची, ते फार सभ्य आहेत. ती म्हणाली, बाबा परक्यांशी मुद्दाम हरतात. घरच्यांना ते कधीच सोडत नाहीत, मला तर एकदाही सोडलं नाही. त्यांनी तुम्हाला धुऊन काढलं, तर समजा तुम्ही त्यांचे झालात."

त्याने हीटर थोडा मोठा केला.

"म्हणून तुम्हाला बोलावलं," डेल म्हणाला. "सकाळपासून हरायची वाट बघत बसलोय."

बोर्डावर डोकं टेकून रडणारी पोर शैलेंद्रला दिसत होती. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तिच्या मनात तेच रडणं राहिलंय, आणि पोरीने त्यातून भलतंच काही उचलून जपून ठेवलं होतं, वर ते अभिमानाने सासऱ्याला सांगितलं होतं. त्याला एकदम फार आनंद झाला, आणि लाजही वाटली. समोर बादलीवर बसलेल्या या माणसाला आपण सकाळभर दारातच उभं ठेवलं, याची. त्याने हातमोज्याने डोळे पुसले. थंडीत पाणी येतंच, असं डेल म्हणाला आणि त्याने गुंडाळलेली दोरी पुन्हा सोडायला सुरुवात केली.

शैलेंद्रने आमिष बदललं आणि गळ खाली सोडला. स्प्रिंग किंचित वाकून स्थिर राहिली. मग ती सरळ झाली, अगदी जेमतेम, दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती.

शैलेंद्रने झटका दिला.

त्यानंतर त्याने दयामाया दाखवली नाही. सकाळभर त्याने प्रत्येक माशाची सवय ओळखून ठेवली होती, ती आता कामी आली. एक काढून होतो न होतो तोच दुसरा. डेलच्या भोकाकडे मासे फिरकेनासे झाले. मधे एकदा डेलने जागा बदलू का म्हणून विचारलं. शैलेंद्र म्हणाला, नाही. डेल बादलीवर नीट सावरून बसला आणि प्रथमच हसला.

अंधारायच्या आत दोघे घरी परतले. सुलेखाने बादली पाहिली आणि काही न विचारता मसाला बाहेर काढला. लिंडा तिच्या शेजारी उभी राहून माशांना तिखट लागताना बघत होती.

डेल स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला, चष्मा चढवला आणि एका बोटाने बराच वेळ प्रीताला मेसेज लिहीत राहिला. लिहून झाल्यावर त्याने फोन शैलेंद्रपुढे धरला. मेसेजमध्ये एवढंच होतं, की तुझ्या बाबांनी मला पार धुऊन काढलं, जागाही बदलू दिली नाही.

उत्तर लगेच आलं. डेलने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोन उलटा न ठेवता सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"काँग्रॅच्युलेशन्स, डेल," प्रीताने लिहिलं होतं.