आधी वाजवा

मी दरवाजा बोलतोय. उभ्यानेच बोलणार. बसायची मला सवय नाही.

जन्म गोदामातला, जात सागवानी. अंगावर पोती आदळली, हातगाड्यांनी ठोकरलं, पण मी कधी कुरकुरलो नाही. गोदाम पाडलं तेव्हा भंगारवाल्याने मला उन्हात भिंतीला टेकवून ठेवलं. तिथेही ताठच होतो.

तिथून मला एका बाईंनी उचललं. घरांचे नकाशे काढणं हा त्यांचा व्यवसाय. मोठ्या दवाखान्याशेजारी त्या एक घर उभारत होत्या. कॅन्सरच्या उपचारांसाठी लांबून आलेल्या मुलांनी उपचार संपेपर्यंत आईबापांसोबत तिथे राहायचं. खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर सगळ्यांचं. बाईंनी बरंच डोकं चालवलं होतं. भिंती दवाखान्यासारख्या पांढऱ्या नकोत. खिडकी इतकी खाली, की पडल्यापडल्या रस्ता दिसावा. सुताराने मला रंधा मारला आणि सवयीप्रमाणे कडी बसवली स्वतःच्या डोक्याच्याही वर. बाईंनी मान डोलावली. मुलांनाही कधी कडी लावावीशी वाटेल, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

माझ्या खोलीत पहिली आली मिरची. हे नाव तिच्या आईने ठेवलेलं, उगाच नाही. केमोने केस गेलेले, उंची जेमतेम माझ्या निम्मी. आत आली, टाचा उंचावल्या, उडी मारली. हात पोहोचेना.

“ही कडी कुणासाठी? जिराफासाठी?”

बाई हसल्या. “तुला कशाला गं कडी?”

“दवाखान्यात कुणीही पडदा सारतं. सुई घेऊन येतात, हात धरतात. विचारत कुणीच नाही. इथे मला विचारायचं.”

बाईंचं हसू मावळलं. दुसऱ्याच दिवशी सुताराने कडी खाली आणली.

घराची व्यवस्था बघणारे काका भडकले. “पोरगी आतून कडी लावणार, चक्कर येऊन पडणार, आणि मी काय दार फोडत बसू? काढा ती!”

“काका, तुमच्या खोलीला कडी आहे?”

“आहे.”

“मग आधी ती काढा.”

“जिभेला हाड आहे का हिच्या?” काका तिच्या आईला म्हणाले. आई गालात हसली.

शेवटी बाईंनी तोड काढली. बाहेरून नाणं घालून फिरवलं की कडी सुटेल, अशी खाच ठेवली. काका म्हणाले, “ठीक. पण एकदा जरी घोळ झाला, तरी कडी गेली.”

घोळ झालाच. एका दुपारी केमो घेऊन आलेली मिरची कडी लावून पडली होती. आई दूध गरम करून आली. वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. आईने हंबरडा फोडला तसे काका धावत आले. त्यांनीही मुठीने मला बडवलं, मग खिशातलं नाणं खाचेत घालून फिरवलं. मी आवाज न करता उघडलो. गोदामात कधी अडलो नव्हतो, इथे काय अडणार?

मिरची जमिनीवर पडलेली, चेहरा पांढराफटक. तोंडावर पाणी मारलं, शेजारच्या दवाखान्यातून नर्स धावत आली, थोड्या वेळाने पोर उठून बसली. काकांनी घाम पुसला. “बस झालं. उद्या कडी काढतो.”

“का? दार उघडलं ना?” आवाज बारीक, पण तिचाच.

“उघडलं. पण...”

“आणि आधी वाजवलंत?”

“वाजवलं.”

“मग सगळं बरोबरच झालं की.”

काका माझ्यापाशी आले. कडीवरून अंगठा फिरवला आणि निघून गेले. आठवड्याभरात घरातल्या प्रत्येक दाराची कडी खाली आली. खाचेसकट.

उपचार संपले आणि मिरची आईसोबत आपल्या घरी गेली. जाताना मला एक लाथ मारून गेली. मी ती मानाने घेतली.

आता आत दुसरं मूल आहे. आजार त्याला विचारून आला नाही. तुम्हाला मात्र विचारावं लागेल. डॉक्टर असा, पाहुणे असा, हातात सुई असो नाहीतर खाऊ. नाणं जीवावर बेतल्यावरच बाहेर काढायचं. एरवी आधी वाजवा. आतून “या” आलं तर या. नाही आलं, तर थांबा. मीही उभाच आहे.