पाच पुरुष उंच राईस मिल

प्रत्येक थोर वास्तूमागे एक राजा, एक स्थपती आणि पिढ्यान्‌पिढ्या राबलेले हजारो हात असतात. तुमसरच्या या राईस मिलमागे चंद्रकुमार मेडिकलवाले, त्यांची बायको शालू आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. मिल खाटेखाली मावत होती.

झालं असं, की छोट्या रेलगाड्यांचा नाद असलेल्या नागपूरच्या एका क्लबाने नागपूर ते गोंदिया असा तीस फूट लांबीचा देखावा मांडायचं ठरवलं. रूळ आणि गाड्या क्लबाच्या. वाटेतल्या गावांनी मात्र आपापली एक इमारत स्वतःच्या हातांनी, पहिल्या तुकड्यापासून बनवून आणायची. विकतचा संच चालणार नाही. माप एकास सत्याऐंशी, म्हणजे सत्याऐंशी फुटांची भिंत इथे एक फूट. ज्या गावाची इमारत येणार नाही, त्या जागी हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा पसरण्यात येईल.

चंद्रकुमारांनी हे दुकानाच्या काउंटरमागे उभ्या उभ्या वाचलं आणि खोकल्याचं औषध मागणाऱ्याला विचारलं, "म्हंजे भंडाऱ्यानंतर सरळ गोंदिया? मधात भुसा?"

गिऱ्हाईक खोकलं. चंद्रकुमारांनी तो होकार धरला आणि त्याच दुपारी तुमसरचं नाव आणि इमारत म्हणून गावची जुनी राईस मिल कळवून टाकली.

मापाचा अंदाज यावा म्हणून क्लबाने प्रत्येक गावाला एक प्लास्टिकचा माणूस कुरिअरने पाठवला होता. करंगळीच्या नखाहून थोडा मोठा. पाठीवर पिशवी, निळी हाफ पँट. शालूने तो तळहातावर घेऊन उजेडात धरला.

"अवो, हा तं पोरगा दिसते."

"पोरगा कसा असल? मापासाठी पाठवला. जर्मनीचा माल हाये. तिकडं मोठे लोकबी हाफ पँट घालते."

"आन् दप्तर?"

"दप्तर नोहे ते. ट्रेकिंगची बॅग हाये."

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव जर्मन पडलं. तो देव्हाऱ्याच्या कोनाड्यात राहायला गेला, कारण बाकी सगळीकडे झाडू फिरत असे.

चंद्रकुमार बी.फार्म. असल्यामुळे त्यांनी सुरुवात भागाकाराने केली. मिलची खिडकी साडेतीन फूट. भागिले सत्याऐंशी. उत्तर शून्य पूर्णांक शून्य चार फूट. एवढी खिडकी पट्टीवर कुठून कुठे कापायची, हे विज्ञानाने सांगितलं नाही. दोन संध्याकाळी घरात फक्त कॅल्क्युलेटरची टिकटिक होती. तिसऱ्या संध्याकाळी भैयाजी चहाला आले.

भैयाजी विहिरी खोदण्याचे ठेकेदार. आयुष्यभर खोली मोजली असल्यामुळे उंची म्हणजे उलटी विहीर, असं त्यांचं मत होतं.

"चंदूभाऊ, भागाकार कायले करून राहिले? विहिरीत आपन काय म्हनतो? दोन पुरुष खोल, तीन पुरुष खोल. फूट कोन विचारते?"

"मंग?"

"मंग काय! मिल जितके पुरुष असल, तितकेच पुरुष इथं लावा. पुरुष तं हाये ना तुमच्यापाशी?"

सगळे कोनाड्याकडे वळले. मग चंद्रकुमार इतक्या जोरात उठले की बशी फुटली, आणि शालूनेही त्या बशीबद्दल एक अक्षर काढलं नाही. सत्याऐंशी हा आकडा घरातून कायमचा हद्दपार झाला होता.

दुसऱ्या दिवशी सगळेजण गंजाखालूनही निळी दिसणाऱ्या त्या जुन्या मिलवर गेले. मोठा पुरुष म्हणून शालूचा भाऊ भूपेंद्र नेमला होता. त्याला भिंतीला टेकवून उभं केलं. त्याच्या उंचीचा बांबू कापून भैयाजींनी भिंतीवर खुणा केल्या. "पाच पुरुष!" अशी आरोळी उठली. गेट अडीच पुरुष. लांबीच्या वेळी बांबू वर पत्र्यात अडकून बसला होता, म्हणून भूपेंद्रला भिंतीच्या कडेने आडवं व्हावं लागलं. तो झोपे, भैयाजी खडूची रेघ मारत, तो सरकून पुन्हा झोपे. पोती वाहणारे हमाल जमले.

"काय झालं याले?"

"मोजून राहिलो," भैयाजी म्हणाले.

"जित्तेपनीच?"

"अबे, मिलले मोजून राहिलो!"

चौदा आडवे पुरुष भरले. भूपेंद्रच्या शर्टवर निम्मी मिल आली होती, पण तो हसत होता. "जीजाजी, गोदामबी मोजाचं का? मी तयार हावो."

मग जे सुरू झालं, त्याला तुमसरात तोड नाही. भिंतींना सलाईनच्या खोक्यांचा पुठ्ठा लागला. पाण्याचे पाइप इंजेक्शनच्या सुयांचे, टोक मोडलेले. धुराड्याला थर्मामीटरची नळी. जर्मन दिवसभर पुठ्ठ्यावर उभा, आडवा, पुन्हा उभा होत होता आणि पेन्सिल त्याच्या डोक्यावरून फिरत होती. छपराचे नालीदार पत्रे ही शालूची करामत. गोळ्यांच्या पाकिटामागचा चांदीचा कागद ती फणीच्या दातांवर ठेवी आणि काडीने अलगद दाबी. पहिला पत्रा निघाला तेव्हा तिने तो नखावर उभा केला आणि दुकानात धावत आली. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. चौघांनीही आळीपाळीने पत्रा पाहिला, आणि एकाने मिलला शोभेल अशी शिटी वाजवली.

पत्रे कमी पडू लागले तसे चंद्रकुमार गोळ्या हातावर मोजून देऊ लागले. "पाकीट राहू द्या, तुमाले काय कामाचं?" एकाला पोटाचं काहीच दुखणं नसताना काही तरी होत असावं, असं त्यांनी आग्रहाने पटवलं.

गंज काही केल्या जमेना. हळद पिवळी पडे, काथ काळा. शेवटी शालूने रक्तवाढीचं लोहयुक्त टॉनिक ब्रशने पत्र्यावर सोडलं. सकाळी छप्पर असं गंजलं होतं की चंद्रकुमारांनी तिचे दोन्ही हात धरले.

"शालू, लोह! गंजाले लोहच लागते!"

"हात सोडा. चिकट हायेत."

शेवटी अंगणात खऱ्या तुसाचा चाळून घेतलेला ढीग, आणि गेटपाशी जर्मन. सगळं बरोब्बर होतं. भैयाजींनी डोळा भिंतीला लावून मोजलं: पाच पुरुष. गेट अडीच पुरुष. चौदा आडवे. जगातली कुठलीही इमारत आपल्या माणसाशी इतकी प्रामाणिक नसेल.

नागपूरच्या गाडीत मिल औषधांच्या खोक्यात बसून शालूच्या मांडीवर होती.

"काय हाये त्यात?" समोरच्या बाईने विचारलं.

"राईस मिल."

"बापा! कोनाची?"

"आमचीच," शालू म्हणाली. भंडारा रोड येईपर्यंत अर्ध्या डब्याने मिल पाहिली होती आणि एकाने धानाचा भावही विचारला होता.

हॉलमध्ये तीस फूट देखावा पसरला होता. रूळ चमकत होते. भंडाऱ्याची इमारत आली होती, गोंदियाची आली होती. मधे तुमसरसाठी राखलेली चौकोनी मोकळी पाटी, आणि तिच्याशेजारी हिरव्या भुशाची पिशवी तयार. चंद्रकुमारांनी घाईने खोका उघडला.

क्लबाचे सेक्रेटरी, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर, वाकले. चष्मा काढला. पुन्हा घातला.

"हे पत्रे... कुठून आणले?"

"बनवले. गोळ्यांच्या पाकिटाचे," शालू म्हणाली.

"आणि हा गंज?"

"टॉनिक."

सेक्रेटरींनी इतरांना हाका मारल्या. दहा-बारा डोकी मिलभोवती जमली. कोणी मोबाइल काढला, कोणी "वा, वा" म्हटलं. भूपेंद्र प्रत्येकाला सांगत होता, "ही लांबी म्हंजे मी हावो. चौदा वेळा." चंद्रकुमारांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कोणी पाहावं म्हणून त्यांनी पुसलंही नव्हतं.

मग सेक्रेटरींनी प्रेमाने एक छोटा ट्रक उचलला आणि गेटासमोर ठेवला. पुढे ढकलला. ट्रक गेटात शिरेना. त्याचा टप कमानीला अडला. त्यांनी रुळावर डबा आणून लावला. डब्याशेजारी मिल अशी दिसू लागली, जणू डबाच मिलला नोकरी देणार आहे. शेवटी त्यांनी गेटापासचा जर्मन चिमटीत धरला.

"अहो, हा शाळकरी मुलगा आहे."

त्यांनी तो चंद्रकुमारांच्या तळहातावर ठेवला.

"मोठी माणसं गोंदियावाल्यांना गेली, संपली. तुम्हाला हा पाठवला. म्हटलं, दप्तर बघून लक्षात येईलच."

शालूने नवऱ्याकडे पाहिलं. "ट्रेकिंग," ती म्हणाली.

"भाऊ, पन पुरुष तं पाचच हाये ना?" भैयाजींनी विचारलं. विहीर उलटी करूनही पाणी लागत नव्हतं.

एका स्वयंसेवकाने भुशाची पिशवी उचलली. चंद्रकुमारांनी पाटीवर हात पालथा ठेवला. "थांबा ना, साहेब. तुमसरवर भुसा नोका टाकू."

सेक्रेटरी मिलच्या छपराकडे बघत राहिले. "टाकवत तर नाही," ते म्हणाले. मग एकदम सरळ झाले. "दूरची वस्तू लहान दिसते! मागे टेकड्या रंगवल्यात ना, त्यांच्या पायथ्याशी लावा. तिथे ही बरोब्बर शोभेल!"

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. चंद्रकुमार, शालू आणि भूपेंद्र तिघांनी मिळून मिल उचलली, जणू वरात होती. गोंद लागला. मिल बसली. खरोखरच दूर दिसत होती, उन्हात तापलेली, गंजलेली, खरी. गाडी सुटली, शिटी झाली आणि शालूने पहिल्यांदा स्वतः टाळी वाजवली. "दिसली! गाडीच्या खिडकीतून दिसली!" भूपेंद्र ओरडला. पुढच्या मोकळ्या पाटीवर स्वयंसेवकाने तेवढ्यात भुसा पसरला, पण तिकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं.

दोन दिवस तुमसरचे लोक नागपूरला येऊन मिलसोबत फोटो काढत होते. देखाव्याच्या पुढच्या कडेला दक्षिण आहे आणि टेकड्यांकडे उत्तर. मिल उभी आहे तिथे नकाशाप्रमाणे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो.