तिसाला एक

रविवारी चहा पिता पिता देवांगनं सांगून टाकलं की बाबांची बंदूक येत्या शनिवारी जाणार. एका रेस्टॉरंटवाल्याला ती बारच्या वरच्या भिंतीवर लावायची होती. त्याआधी नळीत वेल्डिंग करून ती कायमची बुजवायची, म्हणजे कुणाला धोका नको. त्याचे वडील, नरेंद्रकाका, चहा ढवळत राहिले. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या शैलजानं मात्र हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

बंदूक अठराशे पंच्याहत्तरची, काळ्या दारूवर चालणारी. काकांनी ती चाळीस वर्षांपूर्वी एका फार्महाउसच्या लिलावात घेतली, आणि तेव्हापासून जवळजवळ दर शनिवारी अमेरिकेतल्या त्यांच्या मॉरिसव्हिल गावाबाहेरच्या गोळीबाराच्या रेंजवर नेली. आता काका एक्क्याऐंशीचे. दोन वर्षांपासून त्यांना समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसायचा. मग नेम धरायचं काम शेजारी राहणाऱ्या शैलजाकडे आलं, कारण कॉलेजात असताना तिनं एनसीसीत नेमबाजी केली होती. काकांच्या हातच्या गोळ्या गेल्या हिवाळ्यात संपल्यावर गोळ्या ओतायचं कामही तिच्याकडेच आलं. पुण्यात एका फोर्जिंग कारखान्याच्या लॅबमध्ये तिनं अठ्ठावीस वर्षं धातू तपासले होते. याहून लायक माणूस काकांना कुठून मिळणार?

पण वसंतापासून बंदुकीचं काहीतरी बिनसलं. गोळ्या वाटेल तिथे जायला लागल्या. बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं नळीत डोकावून ‘झिजली, संपली’ असा निकाल दिला, आणि तो देवांगच्या पथ्यावर पडला. देवांग वाईट नव्हता. डोळे गेलेल्या वडिलांनी गॅरेजमध्ये दारूचे डबे हाताळावेत, याची त्याला खरोखर धास्ती वाटायची.

“शनिवारपर्यंत थांब,” शैलजा म्हणाली. “शंभर यार्डांवर ताटाएवढी लोखंडी पाटी. पाच गोळ्या. लागल्या तर बंदूक राहील.”

“पाचपैकी पाच, मावशी,” देवांग म्हणाला. “फोर इज नॉट ओके.”

ती हो म्हणाली.

सोमवारी ती काकांच्या गॅरेजमध्ये दार सताड उघडं टाकून, हातमोजे चढवून कामाला लागली. तिचं शिसं टायरच्या दुकानातून यायचं. चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी वजनं ती वितळवायची. त्यात अँटिमनी हा धातू असतो, म्हणून गोळी चांगली टणक होते. शैलजाचा टणकपणावर विश्वास होता. मऊ निघाला की नापास, हा नियम तिनं जन्मभर पाळला होता आणि त्या जोरावर ट्रकच्या ट्रक माल परत पाठवला होता. तेव्हा गोळी भरकटते म्हणजे ती अजून टणक हवी, हे तिच्या लेखी उघडच होतं. या खेपेला तिनं साच्यातली गरम गोळी सरळ पाण्यात टाकली. नखानं ओरखडासुद्धा उठेना. काकांनी हिवाळ्यात एकदा सांगितलं होतं, गोळी मऊ ठेव म्हणून. तेव्हा तिनं म्हाताऱ्या माणसाला देतात तसं गोड हसून त्यांना गप्प केलं होतं.

बुधवारी रेंजवर पाचांतली एक गोळी पाटीला लागली. तीही कडेला.

दुसरी कुणी असती तर तिनं हात टेकले असते. शैलजानं फावडं मागून घेतलं. पाटीमागच्या वाळूच्या ढिगात दीड तास उकरून तिनं आपल्या चुकलेल्या चारही गोळ्या शोधल्या आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक डोळ्याजवळ नेली. नळीच्या आतले पिळाचे आटे गोळीवर सगळीकडून उमटायला हवेत. इथे एका बाजूला पुसट रेघ आणि बाकी सगळं गुळगुळीत. गोळ्यांनी नळीला नीट धरलंच नव्हतं.

गुरुवारी तिनं काकांच्या मासेमारीच्या डब्यातला शुद्ध शिशाचा तुकडा नळीतून हळूहळू ठोकत पार केला आणि मायक्रोमीटरनं मोजला. नळी तिच्या गोळीपेक्षा इंचाच्या दोन हजारांश भागांनी मोठी होती. दीडशे वर्षांत तेवढी झीज होणारच. पण काळ्या दारूचा दणका असा असतो की मऊ गोळीचं बूड त्यानं फुगतं आणि आटे भरून काढतं. काकांच्या गोळ्या चाळीस वर्षं तशाच फुगत आल्या होत्या. तिच्या टणक गोळ्या तिच्यासारख्याच, जराही न फुगता, खुळखुळत बाहेर पडत होत्या. नळी संपली नव्हती. शैलजानंच ती सहा महिने बदनाम केली होती.

तिला फार लाज वाटली. ती तशीच आत गेली आणि काकांना म्हणाली, “काका, चूक माझी होती. तुम्ही सांगितलं ते मी ऐकलं नाही.”

“तू ऐकणाऱ्यातली नाहीसच,” काका म्हणाले. “पण करून बघितल्याशिवाय राहणाऱ्यातलीही नाहीस. म्हणून मी गप्प राहिलो.”

आता दिवस एकच उरला होता. शुक्रवारी पहाटे तिनं टायरची वजनं खोक्यात भरून बाहेर ठेवली आणि शुद्ध शिसं आणि कथील काट्यावर तोलायला घेतलं. निव्वळ शिशाची गोळी नळी भरायची, पण तिचं नाक दबायचं आणि आट्यांना शिसं चिकटायचं. वीस भाग शिशाला एक भाग कथील घातलं तर गोळी साच्यातून सुरेख निघायची, पण पुन्हा जरा ताठच. तिनं दोन्हींच्या गोळ्या रेंजवर नेऊन मारल्या, वाळूतून उकरल्या, पाहिल्या, आणि परत येऊन भांडं तापवलं. तिसाला एक. दुपारी उकरलेल्या गोळीवर आटे चहूबाजूंनी स्वच्छ उमटले होते. ती गोळी हातात घेऊन शैलजा वाळूतच खाली बसली. किती महिन्यांनी तिला इतकं बरं वाटलं होतं.

शनिवारी देवांग हाताची घडी घालून मागे उभा राहिला. या दारूची काजळी दर गोळीमागे नळीत घट्ट बसते. श्वासाच्या वाफेनं ती ओली राहावी म्हणून मागचं झाकण उघडून नळकांड्यानं आत फुंकर मारावी लागते. ते काम काकांनी मागून घेतलं. त्याला डोळ्यांची गरज नव्हती.

पहिली गोळी लागली, पाटी ठणठणली. काकांनी फुंकर मारली. दुसरी लागली. तिसरी लागली. चौथीला शैलजाचा खांदा दुखायला लागला होता, तरी लागली. तिनं बंदूक खाली ठेवली, घोटभर पाणी घेतलं आणि काकांना आणखी दोनदा फुंकर मारायला सांगितलं. काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि नळीत सोडला, पुन्हा घेतला आणि पुन्हा सोडला. कान, मान, सगळं लाल झालं.

पाचवी गोळी पाटीच्या मधोमध लागली.

फायरिंग थांबल्यावर देवांग चालत पाटीपर्यंत गेला, पाचही डाग बोटानं चाचपून आला. येईपर्यंत काकांनी अंदाजानंच चिंधी शोधून नळी पुसायला घेतली होती. त्यांचे काळे झालेले ओठ आणि न चुकता फिरणारे हात देवांग बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढून रेस्टॉरंटवाल्याला लावला. पलीकडचा माणूस चिडला असावा, कारण देवांगला दोनदा सॉरी म्हणावं लागलं. अचानक काय झालं, असं त्यानं विचारलं असावं.

“नथिंग हॅपन्ड,” देवांग वडिलांकडे बघत म्हणाला. “इट्स इन यूज.”