वरचे साडेतीन पौंड

“साडेतीन वर, आंटी,” नेरिस माझ्या कानाशी येऊन म्हणाली.

“परत बघ.”

“दोनदा बघितलं.”

“मग तिसऱ्यांदा बघ. या खोलीची जमीन कधी सरळ होती का? तुझा काटा डुगडुगतोय.”

नेरिसने वाकून काट्याखाली हात घालून पाहिला. माझ्यामागे अकरा बायका अनवाणी रांगेत उभ्या होत्या. फेब्रुवारी महिना, बाहेर गारा पडत होत्या, आणि सगळ्याजणी उन्हाळ्यातले पातळ फ्रॉक घालून कुडकुडत होत्या. लोकरीला वजन असतं ना! कानातले काढून मुठीत धरलेले आणि दुपारपासून कुणाच्या पोटात चहाचा घोटही गेलेला नाही. मंगळवारी संध्याकाळी चॅपेलमागच्या त्या खोलीत नेरिसचा वजन उतरवायचा वर्ग भरतो, तेव्हा गावातल्या बायका अशाच जमतात.

“डुगडुगत नाहीये,” नेरिस म्हणाली.

मी खाली उतरले, मोजे चढवले आणि शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काटा बिघडलाय तुझा. आज सकाळी घरी मी बरोब्बर दीडशे होते.”

दीडशे पौंड हे माझं ठरलेलं वजन. दोनशे अठ्ठावीसवरून मी तिथे उतरले, त्याला आता पन्नास आठवडे झाले. नियम असा की वजन गाठलं की तीन महिन्यांतून एकदाच तिथल्या काट्यावर चढायचं, आणि दीडशेच्या वर तीन पौंड माफ. त्याच्यावर गेलं की एका आठवड्याची मुदत. तेवढ्यात खाली आलं नाही तर वजन गाठलेल्यांच्या भिंतीवरचा फोटो उतरतो. माझा फोटो तिसऱ्या खिळ्यावर होता. जुन्या पँटच्या एकाच पायात मी आख्खी उभी आहे आणि दात काढून हसतेय, असा.

खिळे सहाच आहेत. आणि नेरिसची सासू ठरलेल्या वजनापासून फक्त दोन पौंड लांब होती. एवढं न कळायला मी दूधखुळी नाही.

खरं सांगते, वजन उतरवताना मी सुखात होते. दर मंगळवारी टाळ्या. दुकानात, पोस्टात, चॅपेलच्या पायरीवर, जो तो विचारायचा, “किती झालं गं?” दीडशे झाले आणि सगळं थांबलं. आहे तिथेच राहिलं म्हणून कोण टाळ्या वाजवतंय? आता लोक विचारत नाहीत, नुसते बघतात. खाटीक विचारतो, “बरी आहेस ना, ग्वेंडा?” आणि बघतो माझ्या पिशवीत. माझी नणंद ओल्वेन बरोब्बर रविवारी मनुकांचा पाव भाजून आणते. “फक्त एक काप गं, एका कापाने काय होतंय!” एवढी वर्षं तिने मला कधी पावाचा तुकडा विचारला नव्हता. तो पाव मी कोंबड्यांना घातला आणि दोन दिवस अंडी मोठी आली का तेही बघितलं.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. रोज दीडशे पोरांचं कस्टर्ड. ढवळायचं, चमच्याच्या टोकाने चव घ्यायची आणि लगेच चूळ भरायची. तरी संध्याकाळी वाटायचं, या हाताने आपल्या नकळत तोंडात काही टाकलं तर नसेल? माणूस स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लागला की झोप उडते. रात्री अंथरुणात मी दिवसभराचे घास मोजायची आणि एखाद्याचा हिशेब लागला नाही की उठून बसायची.

एका माणसावर मात्र संशय नव्हता. माझा नवरा इडवाल.

आमच्या गावात प्रत्येक तिसरं घर प्रिचर्ड आडनावाचं, आमचंही, म्हणून नावापुढे माणसाचं काम चिकटतं. मी ग्वेंडा कस्टर्ड. तो इडवाल काटा. पाटीच्या दगडाच्या खाणीवर त्याने एकतीस वर्षं ट्रकांचा वजनकाटा सांभाळला. वीस किलो जास्त भरले तर भर पावसात फरशी उतरवायला लावायचा. ट्रकवाले त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, पण त्याने वाचलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरचा काटाही तोच वाचायचा. रोज सकाळी साडेसहाला मी अंगठीपासून चष्म्यापर्यंत सगळं उतरवून काट्यावर चढायची. चष्मा नसला की मला माझी बोटंही धड दिसत नाहीत. मग इडवाल दारातून वाकून बघायचा आणि सांगायचा. गेले तीन महिने तो एकच आकडा सांगत होता. दीडशे.

त्या मंगळवारी घरी आले तेव्हा तो बटाटे सोलत होता. मी सगळं सांगितलं. काट्याचा विषय निघाला की एरवी हा माणूस तासभर थांबत नाही. त्या दिवशी म्हणाला, “हं.”

“हं काय? काटा बिघडू शकतो की नाही?”

“बिघडू शकतो.”

“जमीन वाकडी असली तर?”

“असेल वाकडी.” आणि त्याने सोललेला बटाटा परत सोलायला घेतला.

आता मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माझ्या बटाट्यात लोणी तर घालत नाही? याला मी जाडीच बरी वाटत होते का? मी लोण्याच्या वडीवर सुरीने बारीक रेघ मारून ठेवली. शुक्रवारी बघते तर रेघेखाली दोन बोटं लोणी गायब.

“माझ्या बटाट्यात घातलंस?”

“टोस्टला लावलं. माझ्या.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“आता लोण्याची परवानगी काढायची का तुझ्याकडून?” तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला, आणि ते मी लक्षात ठेवलं.

तो आठवडा मी उकडलेली कोबी आणि अंडी यांच्यावर काढला. रोज सकाळी विचारायची, “किती?”

“दीडशे.”

“नक्की?”

“दीडशे, ग्वेन.”

मग खोट कुठे होती? नेरिसकडे. हीच नेरिस लहानपणी शाळेत जेवताना माझ्या डोळ्यांदेखत वाटाणे खिशात लपवून “संपले आंटी” म्हणायची. मी ठरवलं, चारचौघींसमोर सोक्षमोक्ष लावायचा. मुख्याध्यापिकेला विचारून शाळेतून मैद्याची गोणी आणली. पंचवीस किलोची, शिवण न उसवलेली. म्हणजे पंचावन्न पौंड. नेरिसच्या काट्याने अठ्ठावन्न दाखवले की संपलं.

“गोणीचा भरवसा नसतो,” इडवाल म्हणाला. “मैदा ओल धरतो.”

“साडेतीन पौंड ओल?”

“माझी पाठ दुखतेय.”

“काल कोंबड्यांचं खुराडं उचललंस तेव्हा नाही दुखली?”

“ग्वेन, जाऊ दे ना. कशाला तमाशा करतेस लोकांत? एक फोटो तर आहे.”

एक फोटो! मला इतका राग आला की मी गाडीत जाऊन बसले आणि हॉर्न वाजवला. माझ्याच घरातला माणूस नेरिसची बाजू घेतोय, असं मला वाटलं. शेवटी त्याने गोणी खांद्यावर टाकून आणली.

खोलीत सगळ्या थांबल्या. मी म्हणाले, “नेरिस, ही पंचावन्न आहे. ठेव तुझ्या काट्यावर, आणि सगळ्यांना ऐकू येईल असं वाच.”

इडवालने गोणी अलगद ठेवली. वजन ठेवायची त्याची सवय, धप्पकन कधी टाकत नाही. ठेवून तो मागे सरकला तो थेट दारापर्यंत.

“पंचावन्न,” नेरिस म्हणाली.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. नेरिसची सासू पुढे येऊन आकडा बघून गेली. मी गोणीकडेच बघत होते.

नेरिसने विचारलं, अगदी हळू, चिडून नाही, “आंटी, तुम्ही तर चष्मासुद्धा काढून ठेवता. मग घरी आकडा कोण वाचतं?”

मी वळून इडवालकडे बघितलं. त्याच्या कोटाच्या खांद्यावर मैदा सांडला होता आणि तो हातातली टोपी पिळत होता. चौतीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केलाय. त्याच्या तोंडावर काय लिहिलं होतं ते वाचायला मला चष्मा लागला नाही.

त्याने तोंड उघडलं. “नेरिस, मी—”

“मीच वाचते,” मी म्हणाले. “चष्मा न लावता. आंधळ्यासारखी. दुसरं कोण वाचणार?”

आता मात्र हसल्या. “अगं बाई, चष्म्याचं असं कितीसं वजन असतं?” रांगेतून कुणीतरी म्हणालं. मीही हसले. नेरिसला म्हणाले, “तुझ्या काट्याला उगाच बोल लावला. चुकलं माझं.” मग चष्म्यासकट, सगळ्या कपड्यांनिशी काट्यावर चढले. एकशे पंचावन्न. नेरिस म्हणाली, “कपड्यांचा एक पौंड सोडू.” सोडला तरी एकशे चोपन्नच. फोटो मी स्वतःच्या हाताने खिळ्यावरून काढला आणि पर्समध्ये घातला.

आम्ही गाडीतून परत निघालो. गोणी मागे पडून होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“नोव्हेंबर.”

“का?”

“एकदा अर्धा पौंड वर सांगितला होता, आठवतंय? दोन दिवस जेवली नाहीस तू. शाळेत भोवळ येऊन पडलीस. तिसऱ्या दिवशी मी दीडशे म्हणालो, तर भांडी घासताना गात होतीस.” त्याने गिअर बदलला. “म्हटलं, चार दिवसांत उतरेल, मग खरं सांगू. उतरलंच नाही. मग सांगायचं कसं?”

“अरे, मी तुझ्या आकड्यावर जेवत होते! दीडशे आहे म्हणून रविवारी बटाटे घेत होते मी. नोव्हेंबरात कळलं असतं तर अर्ध्या पौंडाची गोष्ट होती.”

“माहीत आहे.”

“एकतीस वर्षांत ट्रकवाल्यांना एक किलो सोडला नाहीस.”

“ट्रकवाले मला घाबरायचे, ग्वेन. घरी मीच तुला घाबरत होतो.”

खाटीक झाला, नणंद झाली, नेरिस झाली, कोंबड्यांची अंडीसुद्धा झाली, जगातल्या सगळ्यांवर मी संशय घेऊन बसले होते. आणि रोज सकाळी न्हाणीघराच्या दारात एक माणूस माझ्यासमोर जीव मुठीत धरून उभा राहत होता, ते मला दिसलं नाही. मला त्याचा संताप आला होता आणि स्वतःची लाज वाटत होती. यातलं जास्त काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

घराशी गाडी थांबल्यावर तो म्हणाला, “तिथे खोटं का बोललीस?”

“मग काय सांगायला हवं होतं? इडवाल काटा खोटं वजन वाचतो, असं?”

तो उतरला नाही. मी दार उघडून आत गेले आणि त्याच्यासाठी चहा ठेवला. तो गार झाला तेव्हा आला.

दुसऱ्या दिवसापासून आकडा मी वाचते. एकशे त्रेपन्न, एकशे चोपन्न, मध्येच एकशे बावन्न. कधी वर, कधी खाली. पण आकडा काहीही असो, न्याहारी सोडत नाही. इडवाल तेव्हा खाली असतो. चहाची किटली उगाच मोठ्याने आपटतो, म्हणजे आपण वर कान देत नाही हे मला कळावं.

पुढच्या गुरुवारी एम्रिस आला. गावात सप्टेंबरात भाज्यांचं प्रदर्शन भरतं, त्याचा तो चिटणीस. सर्वांत मोठा कांदा आणि सर्वांत जड भोपळा यांवरून आमच्याकडे भावाभावांचं बोलणं बंद होतं, म्हणून गेली वीस वर्षं वजनं इडवाल करतो. त्याने सांगितलं की संपलं.

“यंदाही तुझंच नाव छापायला देतो,” एम्रिस दारातूनच म्हणाला.

“यंदा नको.”

“का रे? बरं नाही वाटत?”

“बरा आहे. दुसरं कुणीतरी बघ.”

“दुसरं कोण? तुझ्या आकड्यावर कुणी बोट ठेवत नाही म्हणून तर मारामाऱ्या टळतात!”

मी स्वयंपाकघरात होते. हात पुसून बाहेर यावं आणि म्हणावं, छाप रे त्याचं नाव, तो येईल. ओठांवर आलं होतं माझ्या. पण चॅपेलच्या खोलीत मी त्याच्या वतीने बोलले होते, तेवढं पुरे होतं. मी आतच थांबले.

“मग सांगू तरी कुणाला?” एम्रिस म्हणाला.

“ज्याला बायको नाही, अशा एखाद्याला.”

एम्रिस खो खो हसला. “ग्वेंडा, ऐकलंस का हा काय म्हणतो?”

“ऐकलं,” मी म्हणाले.

इडवाल त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला. एम्रिसची गाडी वळणाआड गेली तरी तो लवकर परत आला नाही.